विहिरीत पडलेला चष्मा

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरचा रस्ता जिथून सुटतो तिथं, पंक्चरवाला आणि रसाचं गुऱ्हाळ यांच्या मधे दिलावरभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटारी तिथं पोत्यात गुंडाळून यायच्या आणि बऱ्या होऊन टेम्पोत बसून जायच्या. भाईंचा हात असा, की तांब्याची तार चिमटीत धरली की ती किती नंबरची, ते भाई डोळे मिटून सांगायचे. दोन हजार आठ साल उजाडलं तेव्हा मात्र डोळे मिटून सांगण्यात काही कौतुक उरलं नव्हतं, कारण उघडे ठेवूनही त्यांना फारसं दिसत नव्हतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चौपन्नाव्या वर्षी कारागिरानं डोळ्यांची कुरकुर करायची म्हणजे आपल्या हातानं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवायचं. त्यांनी गुपचूप साठचा बल्ब काढून दोनशेचा लावला. त्यानं एवढंच झालं, की आधी डोळ्यांपुढं धुरळा दिसायचा तो आता झगझगीत दिसायला लागला. घरी भोरला बायकोनं, हसीनानं, भाकरी वाढताना विचारलं, "ताटाच्या भायेर का चाचपडताय?" तर म्हणाले, "लाइटीचा दाब कमी हाय." त्या वेळी दुपारचे दोन वाजले होते.

पण बायकोला थाप मारता येते, मोटारीला येत नाही. कामथडीचे गेनबा एके दिवशी हसत हसत दुकानात शिरले.

"भाई, मोटार फिरती झ्याक. आवाज बी गोड. फकस्त पानी वर येत न्हाई."

भाई स्वतः जाऊन बघून आले. मोटार उलटी फिरत होती. लाल, पिवळी आणि निळी अशा तीन तारा. त्यांतल्या लाल आणि पिवळीची अदलाबदल झाली होती. भाईंनी दुकानात येऊन लाल आणि पिवळ्या तारेचे तुकडे काढले आणि दाराशी उन्हात धरले. दोन्ही तुकडे त्यांना चहाच्या रंगाचे दिसले. तीस वर्षांत त्यांच्या हातची मोटार कधी उलटी फिरली नव्हती. सोबत आलेले गेनबा अजून हसतच होते, भाईंनी मात्र ते तुकडे खिशात घातले. हे काम हातातनं गेलं तर मागं जो दिलावर उरेल त्याच्याशी त्यांची काही ओळखच नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी हसीनापुढं सगळं ओकून टाकलं. ती म्हणाली, "म्हायती हाय मला. चार म्हैने झालं, तुमी कुकरला सलाम करताय." आणि तिसऱ्या दिवशी ती त्यांना पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर लिहीत होत्या. मोतीबिंदू तर दारातून येतानाच त्यांना दिसला असावा. "याआधी डोळ्याचं काही ऑपरेशन?"

"न्हाई," भाई ठणकावून म्हणाले.

आता हे खोटं होतं, पण भाईंना तसं वाटत नव्हतं. ऑपरेशन म्हणजे खाट, पट्टी, आणि भोरमधले निम्मे लोक सफरचंदं घेऊन बघायला येणार, अशी त्यांची पक्की समजूत. नव्वद साली ते सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले होते आणि दोन दिवसांत परत दुकान उघडून बसले होते. एकही सफरचंद आलं नव्हतं. त्याला ऑपरेशन कोण म्हणेल?

डॉक्टरीणबाईंनी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेड टाकला आणि त्या थबकल्या. "हे काय? बुबुळावर आठ रेघा आहेत. सायकलच्या चाकाला तारा असतात तशा. या कुणी मारल्या?"

"त्या व्हय! त्यो नंबर घालवला हुता," भाई म्हणाले. "चष्म्याचा. जाड भिंगाचा हुता. विहिरीवर वाकून मोटार सोडताना नाकावरनं घसरायचा. तीन चष्मं तीन विहिरींत गेलं, तवा म्हणलं बास."

"चार," हसीना म्हणाली. "शेवटचा धरून चार."

भाई खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि मग सावकाश, दोघांनाही कळेल असं सांगितलं. मोतीबिंदू काढला की आत भिंग बसवायचं. त्या भिंगाचा नंबर यंत्र डोळा मोजून सांगतं. पण भाईंचं बुबुळ त्या आठ रेघांनी सपाट करून ठेवलेलं. यंत्र ते साधाच डोळा समजून आकडा देणार, आणि तो चुकणार. "तसंच भिंग बसवलं तर ऑपरेशन छान होईल, पण तुम्हाला लांबचं धड दिसणार नाही आणि हातातलं तर नाहीच नाही. तुम्ही तर सांगितलं नाहीतच, आणि मीही नीट पाहिलं नसतं, तर दोघंही फसलो असतो."

मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात नजर बदलते का? सकाळी लांबचं बरं आणि संध्याकाळी कमी, असं?"

भाई खुर्चीतून उठलेच. "व्हय! अठरा वर्सं सांगतोय, कुणाला पटत न्हाई!"

"म्हंजी खरंच हुतं त्ये?" हसीना म्हणाली. "माझ्या भावाला, शाकिरला, सकाळी रस्त्यात वळखायचे आन सांजच्याला त्याच्या म्होरनं तसंच जायचे. म्या म्हणायची, मुद्दाम करत्यात."

"त्या रेघांमुळे होतं तसं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोन्ही वेळा मोजावं लागेल. आणि मला नव्वद सालच्या आधीचा नंबर पाहिजे. जुने कागद आहेत?"

कागद वाळवीनं खाल्ले होते. तो दवाखाना उठून गेला होता, त्या जागी आता साड्यांचं दुकान होतं, आणि तेव्हाचे डॉक्टर परदेशी गेले ते गेलेच.

"मग जुना चष्मा? काच मोजली तरी नंबर कळतो. मी दोन-तीन तऱ्हांनी हिशेब करणार आहे, पण चष्मा मिळाला तर माझा आकडा बराच पक्का होईल."

"त्यो तर कामथडीच्या विहिरीत पडला," हसीना हळहळली. "सोनेरी फ्रेम हुती. शाकिरनं दुबईवरनं आणलेली. नव्वदच्या दिवाळीत पडला, न्हाई का वो?"

भाई समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मन लावून वाचत होते. त्यांना त्यातलं एकही अक्षर दिसत नव्हतं.

चष्मा विहिरीत पडला नव्हता, हे आता वाचकांना सांगायला हरकत नाही. हसीनाला सांगायची हिंमत भाईंना अठरा वर्षांत झाली नव्हती, आणि त्याचं कारण ती सोनेरी फ्रेम.

नंबर घालवल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत भाई वेल्ह्याला एक पंप बसवायला गेले होते. चष्मा लागत नव्हता, तरी सवयीनं खिशात होता. एसटी थांब्याजवळ बाळाबाईची चहाची टपरी होती. बाळाबाई तेव्हा तिशीतली. ती तांदूळ निवडत बसली होती, आणि ताट तिनं इतकं नाकाशी धरलं होतं की तांदळाला तिचा श्वास लागत असेल. गाडी आली की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "कुठली गाडी वो?" समोर पाटी असून विचारायची. लोकांना वाटायचं तिला वाचता येत नाही. भाईंनी मात्र आपली जात लगेच ओळखली. असंच ताट त्यांनी लहानपणापासून नाकाशी धरलेलं.

गंमत म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, ह्यो लावून बघा बरं."

बाळाबाईनं लावला. आधी तांदळाकडं पाहिलं, मग शेजारी खेळणाऱ्या आपल्या पोराकडं, मग मान वर केली. तोरण्याच्या पायथ्याशी जन्म गेला तिचा, पण तोरणा म्हणजे तिला आजवर वर कुठंतरी असलेला काळसर डाग होता.

"अगं बया," ती म्हणाली. "त्याला कडा हाय! वर तट हाय!" मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि परत परत पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याच्या भुवईवर तीळ होता, हे तिला सहा वर्षांनी कळलं.

दिवस भाऊबीजेचा होता. तिनं पदरानं डोळे पुसले, ताट आणलं आणि दिलावरभाईंना ओवाळलं. त्यानंतर तिच्या नाकावरचा चष्मा काढून खिशात घालण्याचं धैर्य कुणाला झालं असतं, ते मला माहीत नाही. भाई म्हणाले, "हीच ओवाळणी समजा." आणि घरी येऊन हसीनाला म्हणाले, "विहिरीत पडला."

तेव्हापासून दर वर्षी सुगी झाली की वेल्ह्याहून आंबेमोहोर तांदळाची एक पिशवी कुंडलिक कंडक्टरच्या हाती भोरला यायची. हसीना विचारायची, "कुणाचा वो ह्यो तांदूळ?" भाई म्हणायचे, "पंप बसवलेला, त्येंचा." कसला पंप हा, असं हसीनाला वाटायचं, पण तांदूळ वास सोडायचा म्हणून ती पुढं विचारायची नाही.

पुण्याहून आल्यावर भाई चार दिवस घुटमळले. ओवाळणीत घातलेली वस्तू मागायची कशी? शेवटी त्यांनी कुंडलिकला गाठलं. "बाळाबाईला सांग, चष्मा एक दिवस पायजे. पुण्याच्या डॉक्टरला त्येचा नंबर मोजायचा हाय, मग लगीच माघारी देतो. निस्तं दाखवायला पायजे." कुंडलिक चांगला माणूस, पण भरल्या गाडीत तिकिटं फाडता फाडता लांब निरोप कसा लक्षात राहणार? त्यानं वेल्ह्याला गाडीच्या दारातून हाक मारली, "बाळाबाई, दिलावरभाईंचं डोळं गेलं. त्येंना त्येंचा चष्मा पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या घराची कडी वाजली. हसीनानं दार उघडलं. दारात एक बाई भिंतीला हात लावून उभी होती, पन्नाशीची, गुडघ्याशी लुगड्याला चिखल लागलेला. थांब्यापासून येताना ती एका पायरीवर पडली होती.

"दिलावरभाई हितंच ऱ्हात्यात ना? वेल्ह्यासनं आलीया म्या."

बाळाबाईचा आवाज ओळखून भाई बाहेर आले. तिनं कनवटीला खोचलेली, नव्याकोऱ्या खणात बांधलेली पुरचुंडी काढली आणि त्यांच्या पावलांच्या रोखानं पुढं केली. "घ्या भाई. साबनानं धुतलाय. एक दांडी मोडल्ती, तार लावलीया. तुमच्याच दुकानातली, कुंडलिकनं आणलेली."

"आन तुमी न घालताच आला? एवढ्या लांब?"

"दुसऱ्याची वस्तू माघारी देताना घालून कशी यिऊ?" बाळाबाई म्हणाली. "आवो, अठरा वर्सं बघितलं म्या. पोरांची लग्नं बघितली. नातवाचं दात मोजलं. पुरं झालं की. आता तुमी बघा."

 ही बाई पुन्हा त्या काळसर डागाकडं परत जायला निघाली होती, आणि तेसुद्धा चष्मा खणात बांधून, जणू लेकीची पाठवणी करावी तशी. भाईंनी हात मागं घेतले.

खण हसीनानं सोडला. सोनेरी फ्रेम, एका बाजूला तांब्याची तार गुंडाळलेली. तिनं फ्रेम उलटी केली, सुलटी केली. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"विहीर लई खोल हुती म्हणायची," ती म्हणाली. "पार वेल्ह्यापतोर गेली."

भाईंनी खाली पाहिलं. त्या घरात आता काय होणार, या विचारानं शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. पण हसीनानं चष्मा पदरानं पुसला आणि बाळाबाईच्या नाकावर ठेवला. "आदी बसा. चा पिताना कप तरी दिसू द्या." आणि मग थोडं थांबून, "त्यो तांदूळ तुमचा व्हय? मला आदी कळलं असतं तर म्या बी काय धाडलं असतं की वो."

खरा निरोप कळल्यावर बाळाबाई कुंडलिकला मनसोक्त शिव्या देऊन मोकळी झाली. पण चष्मा एकटा पुण्याला पाठवायला ती तयार होईना. "म्या बी येते. माझ्या नाकावर येऊ द्या त्येला. हिसक्यात काच फुटली म्हंजी?" असे ते तिघं पुण्याला गेले, आणि एसटीच्या खिडकीशी बसून बाळाबाई सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत राहिली.

दवाखान्यात काचा मोजल्या. उजवी उणे सहा, डावी उणे साडेपाच. डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. मग त्या बाळाबाईकडं वळल्या. "आता तुम्ही बसा."

"मला काय झालंय?"

मोजल्यावर कळलं, की बाळाबाईचा एक डोळा उणे चारचा आणि दुसरा उणे साडेसातचा. म्हणजे अठरा वर्षं तिचा एक डोळा ढगळ अंगरख्यात होता आणि दुसरा तंग.

"बाई, असं कसं चालवलंत? त्रास नाही झाला?"

"झाला असंल," बाळाबाई म्हणाली. "पण ह्याच्यापरीस जास्त दिसतं, हे कुणी सांगितलंच न्हाई."

तिथंच तिच्या नावाचा नवा चष्मा सांगितला गेला, तिच्या आयुष्यातला पहिला.

मग भाईंची पाळी. "आता मला तुम्ही सांगायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंग एकाच अंतराला नेमकं बसवता येतं. लांबचं बिनचष्म्याचं पाहिजे की हातातलं? तुमच्या डोळ्यात थोडं मागंपुढं होईल, हे आधीच सांगते. पण नेम कुठं धरायचा?"

भाईंनी नाकाचा शेंडा चोळला. ज्या चष्म्यानं तीन विहिरी बघितल्या, जो जावा म्हणून बुबुळावर आठ रेघा मारून घेतल्या, तो परत नाकावर घ्यायचा? लांबचं पाहिजे, असं ओठांवर आलं होतं. मग त्यांना उन्हात धरलेले ते दोन तारांचे तुकडे आठवले.

"हातातलं द्या," ते म्हणाले.

"मग लांब बघायला चष्मा लागेल."

"लागू द्या," हसीना म्हणाली. "ह्या बारीला विहिरीत पडला तर म्या उतरन काढायला. सोताच्या डोळ्यांनी बघन, खरंच पडलाय का न्हाई."

"आन लांबचं काय दिसतंय त्ये म्या सांगत जाईन की," बाळाबाई म्हणाली.

उजवा डोळा आधी केला. पट्टी सुटली तेव्हा भाईंनी हसीनाकडं पाहिलं आणि म्हणाले, "ही हिरवी साडी कधी घेतली?" साडी चार वर्षांची होती. एवढं चांगलं झालं आणि मग सगळं बिनसलं. दुसऱ्या दिवसापासून हातातलं धुरकट, लांबचं त्याहून बरं, म्हणजे मागितलं त्याच्या नेमकं उलटं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, की त्या जुन्या रेघा सुजतात, काही आठवडे नजर डोलणार, घाबरायचं नाही. भाई घाबरले. या वेळी सफरचंदं मात्र आली, इतकी की हसीनानं मुरंबा घातला, आणि प्रत्येक सफरचंदाबरोबर एक माणूस येऊन कुणाचा तरी डोळा कसा गेला ते सांगून गेला.

खिडकीच्या गजाला भाईंनी ते लाल आणि पिवळ्या तारेचे तुकडे बांधून ठेवले होते. रोज सकाळी डावा डोळा झाकून बघायचे. रंग तर स्वच्छ होते, कड मात्र फुटलेली. तिसरा आठवडा तसाच गेला. चौथ्या आठवड्यात ते हसीनाला म्हणाले, "दुकान दिऊन टाकावं का?" ती म्हणाली, "आदी मुरंबा संपवा."

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी त्यांनी लाल तारेचा तुकडा हातात घेतला, आणि वरचं आवरण जिथं जरासं खरवडलं होतं, ती जागा त्यांना दिसली. ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग चहा न पिताच भोरहून पहिल्या गाडीनं कापूरहोळला गेले आणि शटर उघडलं. गेनबांची मोटार दोन तारा बदलून कशीबशी चालली होती, पण भाईंनी ती नव्यानं भरायला परत मागवली होती. सगळी कॉइल सोडून नव्यानं भरली, खाचा मोजल्या, वेढे मोजले, लालला लाल आणि पिवळीला पिवळी. दुपारी कामथडीच्या मळ्यात बटण दाबलं तेव्हा पाण्यानं गेनबांचं धोतर भिजवलं, आणि भाई उसाच्या बांधावर बसून मोठ्यानं हसले.

पहिल्या डोळ्याचा अनुभव हाताशी घेऊन डॉक्टरीणबाईंनी पावसाळ्यात डावाही उरकला. जुना सोनेरी चष्मा हसीनानं आपल्या पेटीत ठेवला. शाकिर आला की ती काढून दाखवायची, "बघ, तुझ्या भाऊजींनी विहिरीतनं काढला." भाई तेवढ्यापुरते परसात जायचे.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दिलावरभाई आणि हसीना वेल्ह्याला गेले. बाळाबाई टपरीवर होती, नाकावर काळ्या फ्रेमचा नवा चष्मा, तांदळाचं ताट मांडीवर, चांगलं हातभर लांब. तिनं भाईंना ओवाळलं. भाईंनी खिशात हात घातला तसा तिनं तो धरला.

"औंदा ओवाळणी म्या देनार. बसा हितं."

भाई बाकावर बसले. समोर तोरणा होता, एवढं त्यांना ठाऊक होतं. बिनचष्म्याचा तो त्यांना काळसर डाग दिसत होता.

"कडा मोकळा हाय," बाळाबाई सांगायला लागली. "धुकं न्हाई. माचीवरचं गवात पिवळं पडाय लागलंय. एक घार हाय, तटाच्या वर. आन दोन पोरं चढत्यात, एकाच्या पाठीवर लाल पिशवी."

"हितनं लाल पिशवी दिसती व्हय?" भाई म्हणाले.

"नव्या काचंतनं दिसती."

हसीना हसली. लांबचा चष्मा भाईंच्या खिशात होता. त्यांनी तो काढला नाही. "म्होरं सांगा," ते म्हणाले.